३४व्या वर्षी तत्त्वज्ञान, धर्म आणि नीतिशास्त्र शिकायचंय: फाउंडेशन इयर घ्यावं का?

ताई, आधी तुमचा प्रश्न थोडक्यात मांडते, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुमचं वय ३४. बारावी कला साताऱ्यातून, त्यानंतर एफ.वाय.बी.ए. झालं, मग लग्न होऊन इंग्लंडला आलात. गेली आठ वर्षं एका केअर होममध्ये काम करताय. मुलगी सात वर्षांची. घरापासून बसने पाऊण तासावर असलेल्या विद्यापीठात ‘फिलॉसॉफी, रिलिजन अँड एथिक्स’ ही पदवी आहे, आणि फाउंडेशन इयर, म्हणजे पदवीआधीचं तयारीचं वर्ष, धरून ती चार वर्षांची होते. तुम्ही विचारलंय की हे आधीचं वर्ष म्हणजे वेळ आणि पैसा वाया घालवणं आहे का, तुमच्या इंग्रजीला ते झेपेल का, आणि घरच्यांच्या ‘त्याचा उपयोग काय’ या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं.

आणि जाता जाता तुम्ही एक गोष्ट लिहिली आहे. तुमच्याकडच्या एक आजी रोज दुपारी चारला कोट घालून दाराशी येऊन उभ्या राहतात. नवरा न्यायला येणार म्हणतात. ते जाऊन अकरा वर्षं झाली. तुम्ही रोज सांगता, ‘ट्रॅफिकमध्ये अडकलेत, चला तोवर चहा घेऊ.’ आणि मग विचारता, ‘हे मी बरोबर करते का, ते मला कळत नाही.’ माझ्या मते तुमचा खरा प्रश्न हा आहे. त्याच्याकडे येतेच, पण आधी रुक्ष भाग उरकू. तिथे गडबड झाली तर पुढचं सगळं अडतं.

मी १४ वर्षं इंग्लंडमधल्या एका विद्यापीठात फाउंडेशन इयरच्या मुलांना तत्त्वज्ञान शिकवते. त्याआधी पुणे विद्यापीठात एम.ए. केलं. त्यामुळे सांगते ते इंग्लंडपुरतं. स्कॉटलंडमधली व्यवस्था वेगळी आहे.

सगळ्यात आधी तुमचा इथला दर्जा बघा. तुम्हाला आयएलआर, म्हणजे कायम राहण्याची परवानगी, मिळालेली असेल आणि कोर्स सुरू होण्याआधीची सलग तीन वर्षं तुमचं वास्तव्य इथे असेल, तर साधारणपणे फी ‘होम’, म्हणजे इथल्या विद्यार्थ्यांच्या, दराने लागते आणि स्टुडंट फायनान्सचं सरकारी कर्ज मिळतं. अजून स्पाउस व्हिसावरच असाल तर कर्ज बहुतेक मिळणार नाही, आणि फी कुठल्या दराने घ्यायची ते विद्यापीठ कागद बघून ठरवेल. हा फरक हजारो पौंडांचा असतो. तेव्हा ‘मला जमेल का’ याची काळजी करण्याआधी पासपोर्टच्या आणि ई-व्हिसाच्या (जुन्या बीआरपी कार्डाच्या जागी आलेल्या ऑनलाइन नोंदीच्या) तारखा एका कागदावर लिहून काढा.

दर्जाचं जमलं तर पैशाचा हिशोब तुम्हाला वाटतोय तितका वाईट नाही. २०२५-२६ पासून इंग्लंडमध्ये वर्गात बसून शिकायच्या विषयांच्या फाउंडेशन इयरवर सरकारने ५,७६० पौंडांची मर्यादा घातली आहे. त्याच वर्षी पदवीच्या नेहमीच्या वर्षाची मर्यादा ९,५३५ पौंड होती. म्हणजे हे वर्ष बाकीच्या वर्षांपेक्षा बरंच स्वस्त आहे. कर्जाची परतफेड पगारावर ठरते: वर्षाला २५,००० पौंडांच्या वर जेवढं मिळेल त्याच्या ९ टक्के, आणि ४० वर्षांनी उरलेलं माफ. व्याज लागतं, पण मिळकत त्या रेषेखाली असेल तर हप्ता कापला जात नाही.

तुमचं एफ.वाय. झालंय हे अर्जात लपवू नका. आधी कॉलेजला घालवलेली वर्षं कर्जाच्या हिशोबात धरली जाऊ शकतात. ढोबळ नियम असा की कोर्सची वर्षं अधिक एक, त्यातून आधी शिकलेली वर्षं वजा. चार अधिक एक, वजा एक, म्हणजे चार. तुमचं एक वर्ष धरलं तरी पुरतं. मात्र दुसरं कुणी भारतातून बी.कॉम. किंवा बी.ए. पूर्ण करून आलं असेल, तर त्यांचं गणित वेगळं होतं. सध्याच्या नियमांत, हातात पदवी असताना त्याच पातळीच्या दुसऱ्या पदवीला सहसा कर्ज मिळत नाही, आणि फाउंडेशन इयरची त्यांना गरजही नसते. त्यांनी थेट पहिल्या वर्षाचा किंवा एम.ए.चा विचार करावा. जानेवारी २०२७ पासून सुरू होणाऱ्या कोर्सेससाठी ही सगळी कर्जव्यवस्था बदलते आहे, म्हणून अर्ज करायच्या आठवड्यात सरकारी संकेतस्थळ स्वतः वाचा. माझं किंवा एजंटचं तोंडी ऐकून सही करू नका.

आता झेपण्याबद्दल. इथे पदवीच्या तीन वर्षांना लेव्हल ४, ५ आणि ६ म्हणतात. फाउंडेशन इयर लेव्हल ३चं, म्हणजे इथल्या ए-लेव्हलच्या (आपल्या बारावीसारख्या परीक्षेच्या) बरोबरीचं. एकूण १२० क्रेडिट्स, आणि एका क्रेडिटमागे १० तासांचं काम धरलेलं असतं. म्हणजे १,२०० तास. ३० आठवड्यांत वाटले तर आठवड्याला ४० तास होतात. यातले वर्गातले तास दहा-बारा असतील, पण बाकीचे खोटे नसतात. ते वाचण्याचे आणि लिहिण्याचे असतात. माझ्याकडे जे नापास झाले किंवा मध्येच सोडून गेले, त्यातल्या बहुतेकांची बुद्धी कमी पडली नाही. आठवड्याला ३० तास नोकरी करून ‘कॉलेज तर तीनच दिवस आहे’ असं त्यांनी धरलं होतं. तुमच्या शिफ्ट किती कमी करता येतील हे नवऱ्याशी आणि मॅनेजरशी आत्ताच बोला. दोन रात्रपाळ्या आणि एक पूर्ण वर्ष हे जमवलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. पाच शिफ्ट आणि पूर्ण वर्ष जमवलेलं कुणी पाहिलेलं नाही.

इंग्रजीची भीती मात्र तुम्ही चुकीच्या जागी ठेवली आहे. ज्या बाईने आठ वर्षं केअर प्लॅन लिहिले, हँडओव्हर दिले, नातेवाइकांना वाईट बातमी सांगितली, तिचं इंग्रजी बोलण्यात अडणार नाही. अडेल ते युक्तिवाद कागदावर मांडताना. ते इथे जन्मलेल्या १८ वर्षांच्या मुलांचंही तितकंच अडतं, आणि हे वर्ष मुळात त्यासाठीच असतं. प्लेटो कोण, कांट कोण ही माहिती ग्रंथालयात फुकट मिळते. ‘मला असं वाटतं’ इथून ‘या या कारणांनी असं मानायला हवं, आणि त्यावर सगळ्यात जोरकस आक्षेप हा आहे’ इथपर्यंत कसं जायचं, ते समोर कुणी कागद तपासायला असल्याशिवाय येत नाही.

तुमच्या त्या आजींचंच उदाहरण घेऊ. पहिल्या महिन्यात केअरचं काम करणारे विद्यार्थी हाच प्रसंग लिहून आणतात, आणि बहुतेकांचं वाक्य असं असतं: ‘मी खोटं बोलले कारण त्यांना त्रास होऊ नये असं मला वाटलं, आणि प्रत्येकाची परिस्थिती वेगळी असते.’ वाक्य मनापासूनचं आहे. पण समासात मी पेन्सिलीने लिहिते: ‘त्रास कुणाला? किती वेळ? खरं सांगितलं तर काय झालं असतं? आणि परिस्थिती वेगळी म्हणजे नेमकी कशात वेगळी?’ दोन-तीन खेपांनंतर तेच वाक्य असं होतं: ‘खोटं बोलणं वाईट मानलं जातं कारण त्यामुळे ऐकणाऱ्याच्या हातून स्वतःचा निर्णय घेण्याची संधी जाते. या आजींना ती माहिती दहा मिनिटंही लक्षात राहत नाही, तर त्यांच्याकडून नेमकी कोणती संधी हिरावली जाते?’ बघा, अजून उत्तर आलेलंच नाही. पण आता प्रश्नाला धार आली. फाउंडेशन इयरमध्ये मी शिकवते ते मुख्यतः एवढंच.

इथून पुढे वाचन सुरू होतं. १७९७ साली जर्मन तत्त्वज्ञ कांटने एक छोटा निबंध लिहिला. खुनी दाराशी येऊन विचारतो, तुझा मित्र आत आहे का? कांट म्हणतो, तेव्हाही खोटं बोलायचा हक्क तुम्हाला नाही. वर्गात हे वाचलं की पोरं चिडतात. चिडायलाच हवं. मग मी महाभारताच्या कर्णपर्वातली कौशिकाची गोष्ट सांगते. कौशिक हा सत्य बोलायचं व्रत घेतलेला तपस्वी. डाकूंना भिऊन काही माणसं जंगलात लपतात. डाकू कौशिकाला विचारतात, हा खरं सांगतो, ती माणसं मारली जातात, आणि कौशिक नरकात जातो. ही गोष्ट अर्जुनाला सांगतो कोण? कृष्ण. प्रसंग जवळजवळ तोच आणि निकाल बरोबर उलटा. कांट असं का म्हणतो आणि कृष्ण तसं का म्हणतो, दोघं सत्याचं काम काय मानतात, यावर १,५०० शब्दांचा निबंध सहज उभा राहतो.

‘नरो वा कुंजरो वा’ तर आपण बोलताना रोज वापरतो. पण त्या अर्धसत्यानंतर युधिष्ठिराचा, जमिनीपासून चार बोटं वर चालणारा रथ खाली टेकला, हे आपल्या लक्षात असलं तरी ‘ट्रॅफिकमध्ये अडकलेत’ हे वाक्य त्या जातीचं आहे का, हा प्रश्न आपण स्वतःला विचारत नाही. ‘सत्यं ब्रूयात् प्रियं ब्रूयात्’ तुम्ही शाळेत पाठ केलं असेल. मनुस्मृतीतला श्लोक आहे. खरं बोला, गोड बोला, कडू सत्य बोलू नका, इथवर सगळ्यांना येतं. पुढच्या ओळीत ‘प्रियं च नानृतं ब्रूयात्’ आहे, म्हणजे गोड असलं तरी खोटं बोलू नका. आजींच्या दाराशी हे दोन्ही निषेध एकदम लागू होतात. खरं सांगितलं तर कडू, गोड सांगितलं तर खोटं. मग मधली वाट कोणती? काही अनुभवी नर्स ‘येणार आहेत’ असंही म्हणत नाहीत आणि ‘वारले’ असंही म्हणत नाहीत. त्या विचारतात, ‘ते तुम्हाला न्यायला आले की तुम्ही कुठे जायचात?’ आणि आजी बोलायला लागतात. ही युक्ती आहे की प्रामाणिकपणा, यावर माझ्या वर्गात एकदा पूर्ण तास गेला होता. माझं स्वतःचं मत असं की तो प्रामाणिकपणाच आहे, कारण त्यात आजींच्या आठवणीला उत्तर दिलं जातं. पण त्याच्या विरुद्ध चांगला निबंध लिहिणाऱ्यालाही मी मनापासून चांगले गुण दिले आहेत.

पुढे हेच धागे मोठ्या प्रश्नांना जाऊन मिळतात. इथे टोनी ब्लंडचा खटला शिकवतात. १९८९च्या हिल्सबरो फुटबॉल स्टेडियममधल्या चेंगराचेंगरीनंतर शुद्ध कायमची हरपलेल्या तरुणाचं नळीतून दिलं जाणारं अन्न थांबवायला हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या इथल्या सर्वोच्च न्यायालयाने, १९९३ साली परवानगी दिली. मी त्याच्या शेजारी अरुणा शानबाग ठेवते. १९७३ साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात हल्ला झाला, आणि २०१५ पर्यंत, म्हणजे ४२ वर्षं, तिथल्याच परिचारिकांनी त्यांना सांभाळलं. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने काही अटींवर निष्क्रिय दयामरण मान्य केलं, पण अरुणा यांच्या बाबतीतली याचिका फेटाळली. त्यांची काळजी घेणाऱ्या केईएमच्या लोकांना ते नको होतं. इथली मुलं लगेच विचारतात, परिचारिकांना काय वाटतं याला इतकं वजन का? तुम्हाला हा प्रश्न वेगळा ऐकू येईल. रोज कूस बदलणाऱ्या हातांना काही म्हणण्याचा अधिकार असतो का, हे तुम्ही आठ वर्षं जगलात. तिथे वर्गाला तुमची गरज आहे.

पण एक सावधगिरी. अनुभव हा पुरावा असतो, युक्तिवाद नसतो. वयाने मोठे विद्यार्थी कधीकधी ‘मी हे पाहिलंय’ म्हणून चर्चा तिथेच थांबवतात. पाहिलंत ते सांगा, आणि त्यातून काय सिद्ध होतं आणि काय होत नाही तेही सांगा.

धर्माच्या भागाबद्दल थोडं. ब्रिटनमध्ये धर्माचा अभ्यास विद्यापीठात स्वतंत्र विषय म्हणून उभा राहिला तो मुख्यतः १९६७ साली लँकेस्टरला निनियन स्मार्ट यांनी विभाग सुरू केला तेव्हापासून. धर्माकडे विधी, कथा, अनुभव, तत्त्व, नीती, समाज आणि वस्तू अशा सात बाजूंनी बघावं, ही त्यांची मांडणी तुम्हाला शिकवतील. ती पंढरीच्या वारीला लावून बघा. माळ आणि पताका कुठे बसतात, दिंडीची शिस्त कुठे, तुकोबांचे अभंग कुठे, आणि पायावरचे फोड कुठे. आधी वाटतं सगळं चपखल बसतं. मग लक्षात येतं की वारकऱ्याला विचारलं तर तो यातली एकही बाजू वेगळी काढून दाखवणार नाही. इथे श्रद्धाळू घरातल्या मुलांना ठेच लागते. निबंध म्हणजे कीर्तन नव्हे आणि खंडनही नव्हे. श्रद्धा सोडायला कुणी सांगत नाही, पण तीन तासांपुरतं बाहेर उभं राहून बघायला सांगतात. काहींना हे फार जड जातं आणि त्यांनी ते जड जातं असं सांगितलेलं मला आवडतं.

देव दयाळू आणि सर्वशक्तिमान असेल तर दुःख का, हा या अभ्यासक्रमातला जुना प्रश्न. आपल्याकडची मुलं हात वर करून म्हणतात, कर्मसिद्धांताने सुटला. मी त्यांना विचारते, मग जन्माने वाट्याला आलेली जात हे मागच्या जन्माचं फळ म्हणायचं का? बाबासाहेब आंबेडकरांनी हाच प्रश्न आयुष्यभर लावून धरला, आणि त्यांचं शिक्षण लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्येही झालं होतं हे सांगितलं की इथल्या मुलांना तो परका वाटत नाही. हेही सांगून ठेवते की अनेक ठिकाणचा धर्म-तत्त्वज्ञानाचा अभ्यासक्रम अजून ख्रिस्ती परंपरेभोवतीच फिरतो. ओपन डेला, म्हणजे विद्यापीठ बघायला बोलावतात त्या दिवशी, विचारा की हिंदू, बौद्ध, मुस्लिम परंपरा किती आठवडे आहेत आणि कोण शिकवतं.

ओपन डेला आणखी दोन गोष्टी विचाराच. फाउंडेशन इयर विद्यापीठातले त्याच विभागाचे शिक्षक घेतात की दुसऱ्या कॉलेजकडे ते सोपवलंय? आणि चार वर्षांत ही पदवी बंद झाली तर माझं काय? इंग्लंडमध्ये गेल्या काही वर्षांत मानव्यशाखांचे कितीतरी विभाग आक्रसले आहेत, काही बंद झाले आहेत. प्रत्येक नोंदणीकृत विद्यापीठाकडे विद्यार्थ्यांच्या संरक्षणाची लेखी योजना असावी लागते. ती मागा. शिवाय फाउंडेशननंतर समाजशास्त्र, शिक्षणशास्त्र, कायदा अशा दुसऱ्या पदवीकडे वळता येतं का तेही विचारून घ्या. वळता येत असेल तर ते वर्ष अधिक मोलाचं.

फाउंडेशन इयर हा एकच दरवाजा नाही. फर्दर एज्युकेशन कॉलेजमधला ॲक्सेस टू हायर एज्युकेशन डिप्लोमा हाही लेव्हल ३चा आहे, ६० क्रेडिट्सचा. त्यासाठी घेतलेलं ॲडव्हान्स्ड लर्नर लोन पुढे पदवी पूर्ण केली की माफ होतं. ओपन युनिव्हर्सिटीत तर प्रवेशाला बहुतेक कोर्सेससाठी पात्रतेची अटच नाही, आणि शिफ्ट सांभाळून सहा वर्षांत पदवी करता येते. लंडनजवळ असतात त्यांच्यासाठी बर्कबेकचे संध्याकाळचे वर्ग आहेत. तुमच्या बाबतीत माझं मत सांगायचं तर: बस पाऊण तासाची आहे, आयएलआर आहे आणि शिफ्ट निम्म्यावर येतात, तर फाउंडेशन इयर घ्या. कारण तुम्हाला समोर बसून वाद घालणारी माणसं हवी आहेत, हे तुमच्या पत्रात ओळीओळीत दिसतं. शिफ्ट कमी होणार नसतील तर ओपन युनिव्हर्सिटी, आणि त्यात काही कमीपणा नाही.

राहिला ‘उपयोग काय’ हा प्रश्न. या पदवीने थेट कुठला व्यवसाय हाती पडत नाही, हे घरच्यांचं म्हणणं खरं आहे. जवळची वाट शाळेत धर्मशिक्षण शिकवण्याची. इंग्लंडच्या सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळांना हा विषय द्यावाच लागतो आणि त्याचे शिक्षक कमी पडतात. पण शिक्षक व्हायला पदवीनंतर प्रशिक्षण लागतं, आणि त्यासाठी इंग्रजी व गणितात जीसीएसई (इथली दहावीसारखी परीक्षा) ग्रेड ४ किंवा त्याच्या बरोबरीचं काहीतरी लागतं. तुमची दहावी तिथे चालेल का हे आत्ताच विचारून ठेवा. चौथ्या वर्षी कळून रडलेली मुलगी मी पाहिली आहे. दुसऱ्या वाटा म्हणजे केअरमध्येच वरची जागा, रुग्णालयातलं पास्टोरल, म्हणजे रुग्णांना आणि घरच्यांना मानसिक आधार देण्याचं, काम, धर्मादाय संस्था.

यूकासच्या, म्हणजे विद्यापीठ प्रवेशाच्या, अर्जात आता एक सलग पर्सनल स्टेटमेंट नसतं. तीन प्रश्न असतात आणि तिन्ही मिळून ४,००० अक्षरं. पहिला प्रश्न, हा विषय का? तिथे ‘लहानपणापासून आवड’ लिहू नका. दुपारचे चार वाजलेत, आजी कोट घालून दाराशी उभ्या आहेत, तिथून सुरू करा. नंतर तुम्ही काय बोललात ते लिहा, आणि त्या उत्तराने तुमचं समाधान का झालं नाही ते लिहा. मसुदा झाला की इथेच टाका, मी वाचून सांगते.